त्या पोराचं पुस्तक

प्रिय आत्या,

काल ग्रंथालयात गेले होते. तिथे तुझी लबाडी उघडकीला आली. समोर असतीस तर कडाकडा भांडले असते तुझ्याशी! आता पत्राशिवाय दुसरा उपाय काय?

तुझ्या तेराव्याला तुझा बाळू, आमचा दादा, मला बाजूला घेऊन म्हणाला, "वैजे, आई कुंभारीला माझ्याकडं आली ती एका पुस्तकामुळं, आसं म्हणाली हुती. कुठलं गं? मला त्ये वाचायचंय." टेम्पोच्या कागदांपलीकडे काही न वाचलेला माणूस पुस्तक मागतोय! मी विषयच बदलला. का बदलला, ते तुला ठाऊक नसणार, असं मला कालपर्यंत वाटत होतं.

मी शाळेतून आले की आपला चहा व्हायचा. मग तू कडक भाकऱ्या थापायला बसायचीस आणि मी मोठ्याने वाचायला. तुला अक्षर येत नव्हतं, पण नखरे केवढे! प्रेमकथा काढली की म्हणायचीस, "ह्येंला कामधंदा न्हाय का काय?" लढाईची कादंबरी आणली म्हटल्यावर खूश झालीस. घोडे आणि तलवारी असतील असं वाटलं असणार तुला. निघालं भलतंच.

कुठला तरी लांबचा देश आणि अकरा वर्षांचा तोमा. त्याला शाळेतून उचलून नेतात, हातात बंदूक देतात आणि पहिल्याच दिवशी त्याच्याच गुरुजींवर चालवायला लावतात. ते ऐकताना तुझी तव्यावरची भाकरी करपली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

"आकरा वर्साचं?" तू म्हणालीस. "आगं, आकरा वर्साच्या पोराला चड्डीची नाडी धड बांधता येत न्हाय. आन् बंदूक देणाऱ्याला सवताची पोरंबाळं न्हाईत का?"

मी सहावीची वर्गशिक्षिका. दुसऱ्या दिवशी हजेरी घेत होते. तेवढ्याच वयाची माझी पोरं एकामागून एक "हजर" म्हणत होती, आणि एकाच्या शर्टाचं बटण तुटलेलं होतं. त्या बटणाकडे बघत मी किती तरी वेळ तशीच उभी राहिले. कादंबरी चांगली की वाईट, ते जाणकार सांगतील. माझं तिने असं केलं, एवढं मला माहीत आहे.

मग मी गाळून वाचायला लागले. रक्ताची पानं आली की दोन-दोन एकदम उलटायची. तू एकदा विचारलंसच, "काल तर ती पोरं नदीच्या अल्याड हुती की. आज पल्याड कशी?" मी म्हटलं, नावेतून गेली. तू भाकरी उलटलीस.

शेवटचं पान मी शाळेत मधल्या सुट्टीत आधीच वाचून ठेवलं होतं. तोमा पळून आपल्या गावी येतो, घराचं दार वाजवतो. आत आई आहे. तिला आवाज ओळखू येतो, पण ती कडी काढत नाही. पुस्तक तिथेच संपतं.

हे मी तुला कसं वाचून दाखवणार होते, सांग ना! करमाळ्याहून तुझ्याकडे शिकायला आले तेव्हा मी आठवीत होते. त्याआधी, सोळाव्या वर्षी, दादा मोठ्या पोरांच्या नादी लागला होता. एका भांडणात त्यांनी याच्या हातात सळई दिली आणि आपण मागे राहिले. एक माणूस पायाने कायमचा अधू झाला. सुधारगृहातून सुटून दादा दारात आला, तेव्हा तू आतून कडीवर हात ठेवून उभी होतीस. मी तुझ्या मागेच होते. "जा बाबा," एवढंच म्हणालीस. त्यानंतर वीस वर्षं घरात त्याचं नाव निघालं नाही. त्याचं लग्न झालं, दोन मुली झाल्या. कुंभारी काय इतकी लांब होती का गं?

म्हणून मी खोटं वाचलं. पानावर बोट फिरवत, सरळ चेहऱ्याने. आईने दार उघडलं, अंघोळीला पाणी काढलं, पोराला पोटभर जेवू घातलं. तू पिठाचे हात तसेच धरून बसलीस. "काय जेवाय घातलं?" तू विचारलंस. तिकडे काय खातात ते मला काय माहीत! मी म्हटलं, भात.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर दाराला कुलूप. तू संध्याकाळी आलीस. "कुंभारीला जाऊन आले," म्हणालीस आणि तोंड धुवायला गेलीस.

पुढचे सात महिने किती सुखाचे गेले, आत्या! नाती तुझ्या मांडीवर लोळून मोबाइल बघायच्या. दवाखान्यात दादा तुझे पाय चेपत बसायचा. ते बघून मला बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची. हे सगळं माझ्या खोट्यावर उभं आहे, असं वाटायचं. दादाने पुस्तक वाचलं आणि त्याला कळलं, आई आली ती वैजूने फसवलं म्हणून, तर?

काल गेले ग्रंथालयात. पुस्तक हरवलेलं असू दे, असं मनात म्हणतच गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "हेच ना? तुमच्या आत्या हे घेऊन आल्या होत्या एकदा. 'पोरगी शाळंत गेलीया, त्या आईनं काय जेवाय घातलं तेवढं परत वाचा,' म्हणाल्या. मी शेवटचं पान वाचलं. जेवणाचं काही नव्हतंच त्यात."

"मग काय म्हणाली ती?"

"परत एकदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, 'आमच्या वैजीला सांगू नगा, लई जीव लावून वाचलंय तिनं.' आणि कुंभारीची जीप कुठून सुटते ते विचारून गेल्या."

मी तिथल्या बाकावर बसले आणि सगळ्यांदेखत रडले. सात महिने एका शब्दाने बोलली नाहीस! मला वाटत होतं, मी तुला जपतेय. तू मलाच जपत होतीस. राग आलाय मला तुझा. आणि तुझी फार फार आठवण येतेय.

रविवारी दादाकडे जाणार आहे. पुस्तक नुसतं त्याच्या हातात ठेवणार नाही, मीच वाचून दाखवीन. तुला शब्द देते, या वेळी एकही पान गाळणार नाही. तोमाची आई कडी काढत नाही, तेही जसंच्या तसं वाचीन. दादा कदाचित रडेल. रडू दे त्याला. मग मी त्याला सांगेन, की हे पान दोनदा ऐकून तुझी आई उठली आणि तुझ्याकडे निघाली.

तुझी खोटारडी,
वैजू