साठ दिवसांचं कलम

फौजीसाहेबांस,

सातव्या बदलीची ऑर्डर आल्यावर तुम्ही फोनवर सांगितलंत, तशी घराच्या विम्याची चौकशी केली. दोन कंपन्यांचे कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचले. आग, पूर, चोरी दोन्हींत सारखंच आहे. पहिलीचा हप्ता जवळजवळ निम्मा, पण घर सलग साठ दिवस बंद राहिलं आणि मग चोरी झाली, तर ती हात वर करते. दुसरी बदलीमुळे कुलूप लागलेलं घरही सांभाळते. तुमची पदकंसुद्धा त्यात धरते.

एजंटबाई म्हणाल्या, "ताई, फौजी माणसं डोळे झाकून दुसरीच घेतात." आपणही अकरा वर्षं तीच घेतली. दर बदलीला पडदे उतरवून, फ्रिज रिकामा करून, पाण्याचा मुख्य कॉक बंद करून मी तुमच्या मागे निघाले.

या वेळी मी पहिलीच्या फॉर्मवर सही केली. हप्ता निम्म्यावर आला, एवढंच तुम्हाला फोनवर सांगेन. तुम्ही "शाब्बास" म्हणाल. हे पत्र मात्र पॉलिसीच्या फाइलमध्येच राहील.

घर आता बंद राहणार नाही. मी येत नाहीये.

तुमची,
घरीच असलेली