वहिनीच्या खात्याचा पासवर्ड

३ सप्टेंबर, बुधवार
आणि वर म्हणे, "घरच्यांपासून लपवण्यासारखं काय आहे तुमचं?" अगं, बायको आहेस माझी! मी इथे पुण्यात, तू तिकडे उदगीरला. घरात फोन एकच, तोही साईनाथकडे. मी काही लिहिलं की हा धाकटा दिवटा मोठ्यानं वाचतो — "वहिनी, दादानं बदाम पाठवलाय!" आई हसते, आबा खोकतात. मग नंदिनी माझ्यावरच फुगते.

६ सप्टेंबर
जुना लॅपटॉप घेतला. घरी सांगितलं, साईनाथच्या अभ्यासाला. खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही.

९ सप्टेंबर
गाड्यांच्या वॉशिंग सेंटरवरून सुटलो की वारज्यात ऋषीच्या रिपेअरिंगच्या दुकानात बसतो. माझं आठवीचं इंग्रजी कुठवर पुरणार! त्यानं आधीच्या मालकाचं सगळं पुसलं, विंडोज नव्यानं टाकलं. दोन खाती केली — एक साईनाथचं, एक नंदिनीचं. एकाचं दुसऱ्याला दिसणार नाही. तिच्या खात्यात मेलही चालू करून दिलं, फोनच्या नेटवर चालेल म्हणे.
मी पासवर्डला तिचं नाव टाकलं. ऋषी म्हणाला, "वा! किल्ली दारालाच टांगून ठेवा. खाली पाटी लावा, 'या, बसा'." लांब वाक्य ठेवा म्हणे, दोघांनाच ठाऊक असलेलं.
लगेच सुचलं. लग्नानंतर ती आठवडाभर इथे होती. खडकवासल्याला कणीस खाता खाता एक वाक्य बोलली होती. ते या वहीतही लिहीत नाही.

१२ सप्टेंबर
लॅपटॉप उदगीरच्या ट्रॅव्हल्सनं गेला. आता पासवर्ड सांगू कसा? फोन लावला की तिकडे स्पीकर चालू!

१४ सप्टेंबर, रविवार
सांगितला. सगळ्यांच्या देखत! "धरणावर कणीस खाताना तू जे बोललीस, तेच. इंग्रजी अक्षरांत, सलग."
साईनाथ ओरडला, "काय बोललीस गं वहिनी?" आई हसली. नंदिनी एवढंच म्हणाली — "बघते."
विसरली असेल तर? असलं कोण लक्षात ठेवतं! मी ठेवतो. येडा.

१७ सप्टेंबर
काही नाही.

१८ सप्टेंबर
आजही नाही. धुवायला आलेल्या गाडीत एक लेडीज चप्पल सापडली. तिच्याच मापाची. हातात धरून उभाच राहिलो. मालक म्हणाला, "पायात घालून बघतोस का?"

२१ सप्टेंबर, रविवार
उघडलं तिनं! माझ्या मोबाइलवर तिचं मेल — "विसरेन वाटलं का?" खाली आणखी: "इथं कुणी वाचत नाही, म्हणून लिहिते. मला करमत नाही. दिवाळीला तुम्ही येऊ नका. मीच येते, राहायलाच. आबांना मी सांगेन. खोली केवढी का असेना."

२२ सप्टेंबर
दरवेळी पैसे आबांकडे जातात. आज पहिल्यांदा तिच्या नावावर — उदगीर ते पुणे, एका माणसाचं तिकीट. सातशे रुपये.