तलावाकडे पाठ करून शिकवलेला तलाव

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. वाकून केला असता, पण कंबरेने संप पुकारला आहे, तेव्हा मनातल्या मनात वाकले आहे असं समज. वहिनीचा बसलेला आवाज उठला का? (घाई नाही. तुला तेवढीच विश्रांती.) तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते: ठीक आहे.

पत्र का, असं तू विचारशील. फोन केला की तू "मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस, मी "बरं, विशेष काही नाही" म्हणते, आणि दोघांचंही खोटं बोलून होतं. कागदाला मीटिंग नसते.

तर झालं असं की वरून आदेश आला. सातवीच्या मुलांना आपल्या तलावाची परिसंस्था शिकवायची, आणि तीही ऑनलाइन साधनं वापरूनच. आता तुला आठवत असेल, विज्ञानाच्या वर्गाच्या खिडकीतून तलाव दिसतो. दिसायचा. उन्हाळ्यापासून पाणी पोपटी झालंय, वर रंगाच्या डब्यातल्यासारखी साय धरते आणि वास असा येतो की खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. नगरपालिकेने तलावाचं पाणी बंद करून टँकर सुरू केले, मुलांना काठावर जायला बंदी घातली. त्यामुळे माझी पंचेचाळीस पोरं तलावाकडे पाठ करून भिंतीवरच्या पडद्यावर तलाव बघतात. मीही त्यांना तसंच शिकवते. पोटापाण्याचा प्रश्न आहे (पाण्याचा जरा जास्तच).

पहिली चित्रफीत कुठल्या तरी थंड मुलखातली निघाली. एक दाढीवाला गृहस्थ गोठलेल्या तळ्याला भोक पाडून त्यात तोंड घालून बोलत होता, मागे बर्फावरून ट्रक चालले होते. परिणाम काय, तर चाचणीत निम्म्या वर्गाने लिहिलं की हिवाळ्यात आपल्या तलावावरून ट्रक जातात. मी गुण कापले तर एका पालकाने भांडण काढलं, की पडद्यावर दाखवलं तुम्ही आणि चूक आमच्या पोराची?

मग दुसरं साधन मिळालं, ते मात्र बेष्ट. संगणकातला तलाव. कडेला बटणं: खत वाढवा, सांडपाणी सोडा, ऊन वाढवा. खत वाढवलं की शेवाळ माजतं, शेवाळ मेलं की कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, आणि मासे "टुब्" असा आवाज करून पोट वर करतात. त्या "टुब्"ने घात केला. पोरांना तो आवाज इतका आवडला की एका तासात त्यांनी तलाव मारला, "पुन्हा सुरू करा" दाबलं, आणि परत मारला. मी ओरडत होते, अरे, वाचवायचा आहे! कोण ऐकतो? पण दादा, खरं सांगू, मी इतकी वर्षं फळ्यावर खरडून जे शिकवू शकले नाही ते ती पोरं टुब्-टुब् करत शिकली. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, आपल्याकडे कुठलं बटण दाबलं?" मी म्हटलं, "सगळीच." वर्ग हसला नाही.

आता मुख्य प्रकरण. विद्यापीठवाल्यांनी पंपहाऊसच्या कठड्यावर एक कॅमेरा बसवलाय, त्यातून तलाव थेट दिसतो. (शिडी कोणी धरली होती? आपल्या बाबांनी. निवृत्त झाले तरी पंपहाऊसची किल्ली अजून जानव्यासारखी अंगावर.) शिक्षण खात्याचे साहेब माझा तास बघायला येणार, म्हणून मी थेट कॅमेरा दाखवायचं ठरवलं. आणि इथे माझी जीभ नडली. आदल्या दिवशी जेवताना मी बाबांना सांगितलं की उद्या पहिल्याच तासाला कॅमेऱ्यातून तलाव दाखवून शिकवणार आहे, हे निळं-हिरवं शेवाळ विषारी असतं, पाणी उकळून, गाळूनही विष जात नाही. बाबांचा हात ताटातच थांबला. म्हणाले, "मास्तरीणबाई, अख्ख्या गावाला ह्या हातांनी पाणी पाजलं. तू त्याला विष म्हणतेस?" मी म्हटलं, बाबा, ते पाणी वेगळं होतं. ते उठून हात धुवायला गेले, ते परत आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी साहेब मागच्या बाकावर, पोरं तेल लावून चापूनचोपून, मी कॅमेरा लावला. पडद्यावर हिरवा तलाव. आणि त्या हिरव्या तलावाच्या कडेने इस्त्रीचा सदरा, डोक्याला पंपावरची जुनी टोपी, हातात स्टीलचा पेला, असे आपले तीर्थरूप चालत आले. कॅमेऱ्याकडे बघून मान हलवली. वाकले, हाताने साय बाजूला सारली, पेला भरला आणि घटाघटा प्यायले. मग मिशी पुसून पेला पालथा करून दाखवला.

वर्गात टाळ्या! शिट्ट्या! साहेबांनी विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "माझे वडील." साहेबांनी वहीत लिहिलं: समाजाचा सहभाग, उत्तम. (खोटं वाटत असेल तर येऊन बघ.)

मला पोरांकडे वळावं लागलं. मी म्हटलं, ते माझे बाबा आहेत, माझं त्यांच्यावर प्रेम आहे, आणि त्यांचं चुकतंय. कोणीही हे पाणी प्यायचं नाही. टाळ्या थांबल्या. मग साहेबांना न विचारता मी वर्ग सोडून धावले. बाबा कठड्याला टेकून उभे होते. म्हणाले, "उभा आहे ना? मग?" तेव्हा कळलं की तो पेला काही पहिला नव्हता. टँकरचं पाणी प्यायचं नाही हे व्रत त्यांनी बंदीपासूनच धरलं होतं, आणि मी घरात माठ भरून ठेवत होते तो नुसताच शोभेला.

आठवडा जायच्या आत उलट्या सुरू झाल्या. मग डोळे पिवळे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या विद्यार्थिनीसारख्या, त्यांनी मला बाजूला घेऊन यकृताचं चित्र काढून समजावलं. मी मान डोलावत होते आणि मनात म्हणत होते, आकृतीला नावं द्यायची राहिली.

इतकंच असतं तरी निभावलं असतं. पण साहेबांबरोबरच्या कारकुनाने पडद्यावरचं सगळं मोबाइलवर टिपलं होतं. ते गावभर फिरलं, मागे सनई घालून: "अनुभवी आजोबांनी दिला पुरावा, पाणी शुद्ध!" टँकरच्या रांगेला कंटाळलेल्या माणसांना आणखी काय हवं? लोक कळशा घेऊन काठावर जायला लागले. मी दारोदार सांगत फिरले. एक बाई म्हणाली, तुमच्या वडिलांचं ऐकू की तुमचं?

मग बाबांच्या समोरच्या खाटेवर एक चिमुरडी आली. सलाइन लावलेली, ओठ सुकलेले. बाबांनी तिच्या आईला विचारलं, काय झालं पोरीला? आई म्हणाली, "काका, त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ बघून आम्ही तेच पाणी पाजलं हो." टोपी नव्हती, रंग हळदीसारखा, तिने ओळखलं नाही. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले आणि दिवसभर जेवले नाहीत.

संध्याकाळी मला म्हणाले, टोपी आण आणि तुझा फोन काढ. मिशी विंचरलेली नाही म्हणून दोनदा परत करायला लावलं. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "मी पंपावर होतो. पाणी खराब झालंय. पिऊ नका. माझं चुकलं." मग माझ्याकडे बघून, "जमलं का, मास्तरीणबाई?" मी जमलं म्हटलं आणि बाहेर जाऊन नळाशी उभी राहिले. नळाला पाणी नव्हतंच.

ती पोर वाचली. आईच्या कडेवर बसून घरी गेली. जाताना तिने बाबांना हात हलवला. बाबांनी नाही हलवला.

असो. पत्र लांबलं. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. तू संगणकाच्या कंपनीत आहेस, म्हणून विचारते. तो पहिला व्हिडिओ काढून टाकता येतो का? दुसरा कोणी पुढे पाठवतच नाही. खाटेवर पडून शहाणपण सांगणारा म्हातारा कोणाला हवाय? पहिला अजून फिरतोय.

ता. क. २. वर "ठीक आहे" लिहिलंय ते खोड. बाबांचं पोट पाण्याने फुगलंय. डॉक्टरीणबाई आता चित्र काढत नाहीत, नुसत्या खांद्यावर हात ठेवतात. तुला कळवायचं नाही अशी बाबांनी शपथ घातली आहे. "तळं काय तुमचं लागून गेलंय" असं तू म्हणाला होतास, त्यावर ते अजून रागावलेले आहेत असं ते म्हणतात. काल झोपेत मात्र तुलाच हाक मारत होते, पंप बंद कर म्हणून.

ता. क. ३. पाण्याचे टँकर तुमच्या शहरातूनच येतात. हे पत्र देणारा चालक टँकर भरून झाला की लगेच परत निघेल. त्याच्या शेजारची जागा रिकामी असते, मी विचारून ठेवलंय. कपडे भरत बसू नकोस.