बिनपंख्याची अभ्यासिका

२ ऑगस्ट १९७४
अकरा वर्षं या कँपसवर ड्राफ्ट्समन आहे. काढलं काय? सायकल स्टँड आणि संडास. आता बास! नवी अभ्यासिका लाकडाची होणार आणि ती मीच काढणार. दुहेरी फळ्यांच्या भिंती, मध्ये उसाच्या चिपाडाचा भुसा, छपराला झरोके. गरम हवा आपोआप वर. पंखा नको, दिवसा दिवा नको. पेट्रोल कडाडलंय, वीज सारखी जातेय. बांधकाम कमिटीला पर्यायच नाही. कोनशिलेवर नाव लागणार.
आजपासून चहा बंद.

३ ऑगस्ट
चहा दोनदा. डोकं चालायला हवं ना.

१९ ऑगस्ट
मॉडेल करायला पेठ वडगावचे मीरासाब मिस्त्री आलेत. मॉडेल सागवानी, अडीच फूट उंच, आतलं दिसावं म्हणून पुढून उघडं. म्हणाले, सायेब, झरोकं लय झालं, पाऊस आत येतोय की. म्हटलं, हे शास्त्र आहे. रंधा मारायला लागले. पटलं असणार.

८ सप्टेंबर
कमिटी तेवीस तारखेला. भाषण इंग्रजीत, बारा मिनिटं. उद्यापासून पहाटे पाचला उठून पाठ करायचं.

९ सप्टेंबर
साडेसातला उठलो. शिवगंगा म्हणाली, अहो, झोपेत 'थँक्यू, थँक्यू' म्हणत होतासा. म्हणजे शेवट पाठ झालाय.

१६ सप्टेंबर
शिपाई पिराजीनं मॉडेलचं माप घेतलं. मधल्या हॉलात किती बसत्यात म्हणून विचारलं. साठ विद्यार्थी, म्हटलं. न्हाय, मला एकच बसवायचाय, म्हणाला. गमतीशीर माणूस! मॉडेल ऑफिसच्या हॉलातल्या टेबलावर लाल कापड घालून ठेवू का म्हणाला. खुशाल ठेव, म्हटलं. लोकांनी बघायलाच हवं.

२० सप्टेंबर, सकाळी
काल ऑफिसचा गणपती बसला. माझ्या अभ्यासिकेत! वर चाळीस बल्बांची माळ. पिराजीवर ओरडलो. तो म्हणाला, तुमीच व्हय म्हणालासा की. मूर्ती हलव म्हटलं, तर भटजींनी प्राणप्रतिष्ठा केलीया, सात दिवस हात लावायचा न्हाय. मीरासाबांना बोलावून घेतलं. बघत उभे राहिले, म्हणाले, बाप्पा काय फिट्ट बसलाय! आणि माळ सरळ करून गेले.
काय करू? काहीच सुचत नाही.

२१ सप्टेंबर
सुचलं. कमिटी गणपतीसकट बघेल. त्याच्यासमोर नाही कोण म्हणणार?
आरतीला उदबत्तीचा धूर सरळ झरोक्यांतून बाहेर गेला. आत जरासुद्धा कोंडला नाही. डिझाइन चालतंय! डोळे भरून आले. बाकीच्यांना वाटलं, भक्ती.

२३ सप्टेंबर
कमिटीनं बूट काढले, हात जोडले, प्रसाद घेतला. मी सुरू केलं, जंटलमेन, धिस बिल्डिंग सेव्हज इलेक्ट्रिसिटी. तेवढ्यात माळेनं फ्यूज उडवला. पावसाळी दुपार, हॉलात अंधार. पिराजी ओरडला, गणपती बाप्पा! सगळे म्हणाले, मोरया. मीही म्हटलं.
अध्यक्षांनी पाठ थोपटली. मगदूम, मखर झकास हाय, दरवर्षी तुम्हीच करायचं. मग आत जाऊन सिमेंटची अभ्यासिका पास केली. चौतीस पंखे.
बाकीची अकरा मिनिटं कुणी ऐकलीच नाहीत.

२५ सप्टेंबर
मूर्ती पंचगंगेत गेली. मॉडेल पुढच्या वर्षासाठी माळ्यावर.
हॉलातल्या फळ्यावर खडूनं लिहिलंय: मखर – श्री. गुरुपाद मगदूम. अकरा वर्षांत या कँपसवर माझं नाव पहिल्यांदाच लागलं. दोनदा जाऊन वाचलं. पिराजीला म्हटलं, फळा उद्या नको पुसू.