वॉल्ट्राउडचा वाटा आणि न पाठवलेला अर्ज

मी, डेलमर हकबी, वय एक्क्याऐंशी, लष्करातून निवृत्त सार्जंट, राहणार लॉटन, ओक्लाहोमा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करतो. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दोन प्रती जोडल्या आहेत, एक हरवली तर. शाळा नववीपर्यंतच झाली, म्हणून वकीलबाई बोहॅनन यांनी हे तपासलं आहे. वाक्यं माझी आहेत.

१. पूर्वीची तिन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. चौथं सापडलं तर तेही.

२. पेन्शनीबाबत. तोफखान्यात मी बावीस वर्षं काढली. त्यातली एकोणीस वर्षं वॉल्ट्राउड माझी बायको होती. १९९६ साली घटस्फोट झाला, तेव्हा न्यायालयानं माझ्या पेन्शनीतला शंभरामागे त्रेचाळीसचा वाटा तिला दिला. तो तिला आजवर मिळतो. मागच्या मृत्युपत्रात तो मी तिच्या नावे लिहून ठेवला होता. वकीलबाई म्हणाल्या, "सार्जंट, पेन्शन लिहून देता येत नाही. तुम्ही गेलात की तिचाही वाटा बंद." माझ्यामागे तिला काही चालू राहावं यासाठी घटस्फोटानंतर वर्षाच्या आत वेतन कार्यालयाला अर्ज जायला हवा होता. न्यायालयाचा तसा हुकूमही होता, पण कार्यालय अर्जावर चालतं.

३. तो अर्ज मी पाठवला नाही. भरला होता, सहीही केली होती. माजी सैनिकांच्या क्लबात वेंडेल टीग म्हणाला, "दर महिन्याला त्याचा विम्यासारखा हप्ता तुझ्या पेन्शनीतून कापतील, तोही तिच्यासाठी! येडा झालास काय? टाक ड्रॉवरमध्ये." मी टाकला. त्या उन्हाळ्यात वॉल्ट्राउडनं फोनवर विचारलं, "डेलमर, कागद गेला ना रे?" मी म्हणालो, "गेला." म्हणून तिनं स्वतः चौकशी केली नाही, आणि वर्ष संपलं. दोष माझा आहे. तरीही माझ्या मासेमारीच्या काठ्या वेंडेलला देऊ नयेत, त्यानं मागितल्या तरी.

४. राहतं घर वॉल्ट्राउडला द्यावं. तिनं राहावं किंवा विकावं. ती एकोणऐंशी वर्षांची आहे आणि भाड्यानं राहते. आमची मुलगी मार्लीस हिला पिकअप गाडी, बँकेतली शिल्लक आणि वरील काठ्या. मार्लीस म्हणाली, "बाबा, अठ्ठावीस वर्षं आईच्या नावानं बोटं मोडलीत, आणि आता घर?" मी तिला कलम तीन वाचायला दिलं. वाचून ती बराच वेळ भांडी घासत बसली. घराला तिची हरकत नाही. छप्पर गळतं, ते मात्र आधी दुरुस्त करून द्यावं. पाहणी दोन कारागिरांकडून करून घ्यावी.

५. मागच्या रविवारी मी वॉल्ट्राउडकडे जाऊन सगळं सांगितलं. तोफांनी माझे कान गेले आहेत, त्यामुळे तिला ओरडून बोलावं लागलं आणि शेजाऱ्यांनाही कळलं असेल.

"खोटारड्या! म्हणजे तू मेलास की माझं भाडं गेलं?"

"हो. पण घर तुझ्या नावे करतोय."

"घर चुलीत घाल. रक्तदाबाची गोळी घेतोस का रोज?"

"आठवण राहिली तर."

"आठवण मी करते. आणि ते डुकराचं तळलेलं बंद कर आजपासून."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. सोमवारपासून रोज सकाळी आठला तिचा फोन येतो. मी गोळी गिळेपर्यंत ती ठेवत नाही.

६. मी गेल्यावर वेतन कार्यालयाला त्याच दिवशी कळवावं. नंतर जमा झालेली रक्कम ते परत घेतात, म्हणून वॉल्ट्राउडनं ती खर्च करू नये. मात्र त्याआधी, सर्वांत आधी, मार्लीसनं आईला सांगावं. रात्री गेलो तर सकाळी आठच्या आत सांगावं. मी फोन उचलला नाही तर मला ऐकू आलं नाही असं तिला वाटेल, आणि ती करत राहील.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. दोघांनाही यातून काही मिळत नाही.

सही: डेलमर हकबी

साक्षीदार: १. लोरेटा स्टँडिफर, शेजारी
२. ऑरिन मॅकेल्हेनी, न्हावी

लॉटन, १७ ऑक्टोबर २०२४