प्रेशर सोडून दे

बाबा, आज वर्गात पोरांना गाडीच्या सस्पेन्शनमधला तेलाचा दाब कसा उतरवायचा ते शिकवलं, आणि घरी आल्यापासून तुमच्यावर चिडून बसलो आहे. तुम्हाला जाऊन वर्षं झाली. अकोल्याचं गॅरेज गेलं, त्या जागी मोबाइलची दुकानं आली, मी इकडे अमरावतीला मास्तरकी करतो. माणूस गेला की त्याच्यावरचा रागही जातो म्हणे. ज्यांचा गेला त्यांनी खुशाल म्हणावं. माझा चांगला ठणठणीत आहे, आणि आज जेवणही त्यानं बिघडवलं.

वकीलसाहेबांची ती परदेशी गाडी तुम्ही विसरला नसाल. गल्ली तिला उंट म्हणायची, कारण इंजिन चालू केलं की ती आधी मागून उठायची आणि मग पुढून. खाली स्प्रिंगा नाहीतच. नळ्यांतून तेल, आणि त्या तेलावर एवढा दाब की अख्खी गाडी त्याच्यावर उभी. इंजिन बंद केलं तरी तो दाब आत तसाच दबा धरून बसतो. म्हणून नळीला पाना लावण्याआधी गाडी नीट घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवायची, इंजिन बंद करायचं, आणि पंपाजवळचा बारका स्क्रू जरासा ढिला करायचा, पूर्ण काढायचा नाही. तेल फुसफुसत टाकीत परत जातं. तो आवाज पूर्ण थांबला की मगच नळी. हे आज मी झोपेतही सांगेन. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण त्या गाडीला तुम्ही मला कधी हात लावू दिला नव्हता. सगळ्या शहरात ती एकट्या तुम्हालाच जमते, हा तुमचा तोरा होता. तोरा पोराला शिकवून कमी होतो, हे मलाही आता कळतं.

मग त्या दिवशी कसा लावू दिलात? तर साहेबांना दुपारपर्यंत अमरावतीच्या कोर्टात पोचायचं होतं. गाडी घोडीवर आहे, मागची एक नळी गळते आहे, तुमच्या कानाला फोन आहे आणि तुम्ही "हाव साहेब, झालीच समजा" म्हणताय. फोनवर हात ठेवून तुम्ही माझ्याकडे पाना सरकवता. "प्रेशर सोडून दे अन् पाइप खोल. साहेब येऊन राहिले." बस, एवढंच. मी आयुष्यभर हे वाक्य चघळतो आहे. पुण्याकडच्या माणसाला यात काही अडचण दिसणार नाही. दाब सोडा, मग नळी उघडा. पण आपल्या घरात 'सोडून दे' म्हणजे काय होतं? माय म्हणायची, पत्रा गळून राहिला, तुम्ही म्हणायचात, सोडून दे. मी म्हणायचो, ब्रेकचं एकदा पाहून घेऊ, तुम्ही म्हणायचात, सोडून दे ना, कायले डोकं खातं? तुमच्या तोंडी त्याचा एकच अर्थ होता: नको बघू, राहू दे, पुढचं काम कर. मी तोच ऐकला. प्रेशरचं राहू दे, नळी खोल. आणि पाना तुम्ही दिला होतात तो नळीच्या नटाचाच होता.

नट जरा फिरला आणि डाव्या हाताच्या बोटाला काहीतरी चावल्यासारखं झालं. रक्त जवळजवळ नाहीच. सुई टोचावी एवढा ठिपका. तुम्ही बोट उजेडात धरून पाहिलंत. "काई नाई झालं. हळद लाव अन् ये." मी हळद लावून आलो आणि काम केलं, गाडी गेली, साहेब वेळेत पोचले. माझं बोट संध्याकाळी वांग्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, दाबाचं तेल कातडी फोडून आत घुसलंय, हातभर पसरलंय, हे असलं लागलं की तासाभरात आणायचं असतं, थांबायचंच नसतं. कोणी थांबवलं, असं त्यांनी विचारलं. आणि बाबा, मी तिथे पडलो होतो, शुद्धीत होतो, आणि तुम्ही त्यांना म्हणालात, "मी सांगतलं होतं त्याले, प्रेशर सोडून दे. पोट्टं ऐकतच नाई."

बोट गेलं, शेजारचं अर्धं गेलं. त्याचं मला एवढं नाही. चार भावंडांत एक कमी असलं तरी घर चालतं, तसा हात चालतो. पण ते वाक्य तुम्ही गावभर फिरवलंत. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, मला मुलगी सांगून आली तेव्हा तिच्या बापासमोर. चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते मी घरातच शिकलो. एकदा मायनं भाकरी थापता थापता तोंड उघडलं. "तुमाले त्याचा हात दिसत नाई का? दुसरं काई बोला ना." तुम्ही ताट सरकवलंत. मी तेव्हा विचारलं, "स्क्रू कुठं असते हे तुमी मले कधी दाखवलं होतं?" तुम्ही म्हणालात, "इचाराचं होतं." तुम्हाला! ज्यांना विचारलं की पाना फेकून मारायचे, त्यांना!

मला एकच हवं होतं, आणि ते फार मोठं नव्हतं. एकदा खरं सांगायचं. तुम्हाला तेव्हा दाब उतरव म्हणायचं होतं, की घाईत तुम्ही खरंच म्हणालात की राहू दे? पहिलं असेल तर चूक माझ्या कानाची, मी घेतो पदरात. दुसरं असेल तर एका वकिलाची वेळ तुम्हाला माझ्या हाताहून मोठी वाटली. यातलं कोणतं, हे जगात फक्त तुम्हाला ठाऊक होतं. शेवटच्या आजारपणात तुम्ही माझा डावा हात धरलात. अंगठ्यानं ती रिकामी जागा चाचपत होतात. मी वाकलो. वाटलं, आता येतंय. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "सोडून दे." म्हणजे काय, बाबा? राग सोडू, की विषय राहू देऊ, की नुसता हात सोडू, कारण सलाइनची सुई दुखत होती? विचारायचं होतं, म्हणाल. विचारलं. तुम्ही झोपला होतात. कौंडण्यपूरला नदीत तुमच्या अस्थी सोडल्या तेव्हाही भटजी जे सांगत होते ते मी करत होतो, पण मनात तोच प्रश्न होता, आणि मला नदीचाही राग आला.

हे कागद कुठे टाकणार, पत्ता नाही. कपाटात राहतील. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. आज एका मुलीनं विचारलं, "सर, तुमाले हे इतकं बारीक कोनं शिकवलं?" सगळा वर्ग माझ्या हाताकडे बघत होता. मी म्हणालो, माझ्या बाबांनी. ते म्हणायचे, आवाज थांबलेला मी माझ्या कानानं ऐकल्याशिवाय पोराचा हात नळीला लागू देणार नाही. असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. दर वर्षी नव्या वर्गाला मी हे सांगतो, आणि दर वर्षी तुम्हाला थोडं आणखी चांगलं बोलायला लावतो.