वीतभर मूळ

अहो,

उद्या सकाळी तुमच्या विहिरीवर मला नारळ फोडायला नेणार हायेत. तुमचा दत्ता आता तुमच्यासारखाच पाणी सोसायटीत संचालक झालाय. त्यानं काल सगळ्या गावाला सांगून टाकलं, मला इचारलंबी न्हाई. नारळ आणून चुलीपाशी ठेवला आन् म्हणला, "माय, उद्या नवं लुगडं नेस. बाबाचं राहिलेलं काम पुरं करायचंय." म्हणून ह्ये पत्र. माझी शाळा दुसरीपर्यंत, अक्षर कोंबडीनं उकरल्यावाणी. पण तुमाला आता कुठं घाई हाय? लावा अक्षराला अक्षर.

औंदाबी दुष्काळच हाय. दसरा झाला, ऊसतोडीच्या टोळ्यांची बांधाबांध चाललीय. आन् तुमचं लेकरू दारोदार सांगत फिरतंय, "ह्या वर्साला कारखान्यावर जाऊ नका. विहीर अजून खाली नेऊ, पाणी लागणारच." कशावरून? तर तुमच्या कोरड्या ठाक विहिरीला सुरुंगानं ज्या भेगा पडल्या, त्या भेगांतून एकदांडी फुललीय! वरपासून पार खालपर्यंत. एका उंच दांडीवर एकच फूल, चार-पाच पांढऱ्या पाकळ्या, मधी पिवळा बुंदका. एवढ्या कोरड्यात फूल हाय म्हणजे आत ओल असणारच, म्हणतो. शब्द तुमचेच, हात हलवायची तऱ्हाबी तुमचीच. क्षणभर वाटलं, परत आले का काय!

तुमाला तरी ती अक्कल कुठून सुचली व्हती, आठवतंय? शेळ्यांसाठी बाभळ तोडताना कुऱ्हाड नडगीवर बसली. म्या पळत डोंगराच्या कड्याला गेले, खडकाच्या भेगेतला एकदांडीचा पाला ओरबाडला, तळहातावर चोळला आन् रस जखमेवर पिळला. दुसरा कुणी असता तर म्हणला असता, बाई, थांबलं रगत. तुमी काय म्हणले? "अगं, चैताच्या उन्हात पाल्याला एवढा रस? ह्या खडकाखाली पाणी हाय!" नडगीवरचं रगत अजून वाळलं न्हाई आन् ह्यांच्या डोळ्यात विहीर!

लोक म्हणले, आधी पाणाड्या बोलवा, हातावर नारळ उभा राहतो का बघू. तुमी म्हणले, "नारळ खोटं बोलंल, फूल बोलणार न्हाई." सोसायटीच्या बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गावात तुमच्या जिभेला कोण पुरं पडणार व्हतं?

त्या वर्षी मुकादमाची गाडी येशीत येऊन उभी व्हती. माझ्या धाकट्या जावेनं, शेवंतानं, भांडी बांधून गाडीत टाकलेली, लेकरू कडेवर. तुमी आडवे गेले. "कोयता ठेव, पहार घे. पुढल्या वर्साला दुसऱ्याचा ऊस तोडणार न्हाईस, स्वतःचा लावशील." ती माझ्या कानाशी येऊन म्हणली, "बाई, भावजी लई गोड बोलतेत. माझे दात किडतील." हसली आन् भांडी उतरवून घेतली. तुमच्या शब्दावर. तिचं बघून बाकीच्यांनीबी उतरवली.

पहिला सुरुंग उडाला. धुरळा बसल्यावर म्या दगडांतून एक रोप उचललं, मुळासकट. मूळ केवढं? वीतभर! तेबी खाली पाण्याकडं गेलेलं न्हाई. वाऱ्यानं भेगेत जी चिमूटभर माती साठली, तिच्यात आडवं पसरलेलं, केसावाणी बारीक. ह्याचं बी म्हातारीवाणी उडतं, कुठंबी अडकतं आन् पानावरच्या दवावर, घासभर मातीवर दिवस काढतं. त्याला लागतंच थोडं, म्हणून ते खडकात जगतं. त्याच्या मुळाखाली कायबी नव्हतं. दगड व्हता निस्ता.

म्या ते तुमाला दाखवलं. तुमी मूळ बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग पहारी घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडं. आन् रोप बंडीच्या खिशात घातलं. "गप," म्हणले, "लोकांचा धीर सुटंल."

कावून? एवढंच सांगा मला, कावून? गाड्या अजून निघत व्हत्या. त्याच दिवशी खरं बोलले असते तर शेवंता पुढल्या गाडीत बसली असती. पण मग संचालकसाहेबांची टोपी वाकडी झाली असती ना!

हंगाम गेला. काळा पाषाण फोडून फोडून लोकांच्या हाताची सालटं निघाली, खालून निघाला तो फुफाटा. शेवंताच्या नवऱ्यानं सिरसाळ्याच्या बाजारात नेऊन बैल विकले आन् दोघं लेकरं घेऊन पुण्याकडं वीटभट्टीवर गेले. जाताना तिनं बैलांच्या घुंगरमाळा माझ्या ओसरीवर टाकल्या. "भावजीला दे बाई. विहिरीच्या गळ्यात बांधा म्हणावं." त्यानंतर ती कधी आली न्हाई. माझ्याशी भांडायलासुदिक न्हाई. माझं हसणंबोलणं तिच्यासंगं व्हतं, तुमच्यासंगं कधी व्हतं?

तुमी रोज दिवस मावळताना विहिरीच्या काठावर जाऊन बसायचे. लोक म्हणायचे, बिचारा, गावासाठी लई झिजला. तेराव्याला चेअरमननं भाषण ठोकलं, पाण्याचा ध्यास घेतलेला माणूस गेला म्हणून. म्या पदर तोंडाला लावला. बायांना वाटलं, रडते.

मलाबी तुमी जन्मभर त्या फुलावाणीच बघितलं. दुष्काळातबी ही चार भाकरी थापते म्हणजे हिनं कुठंतरी दाणे दडवलेत! म्या काय खात व्हते, खात व्हते का, कधी वाकून बघितलं?

आज सकाळी दत्ताला सगळं सांगितलं. म्हणलं, "तुझ्या बापानं मूळ खिशात घातलं व्हतं." तो म्हणला, "माय, मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतेत का?" मेलेल्याला काय धाड भरते? हंगाम जित्यांचा जातो.

शेजारच्या सुमननं दुपारी बांधलेलं गाठोडं सोडलं. म्या ओसरीवरून बघितलं. तव्यापासून लाटण्यापर्यंत एकेक भांडं परत फळीवर लावत व्हती. तिचंबी लेकरू कडेवरच हाय.

तर ऐका. उद्या म्या येणार, नवं लुगडं नेसून. नारळ घरीच राहील, त्याची चटणी करून झालीय निम्मी. विहिरीच्या कडेची एक एकदांडी सगळ्यांपुढं उपटीन आन् मूळ सुमनच्या हातात देईन. म्हणीन, बघ केवढं हाय ते, आन् भांडी बांध. मग सांगीन, ह्ये कुणी दडवलं व्हतं. लग्नात उखाण्यात एकदा तुमचं नाव घेतलं. त्याला एवढी वर्षं झाली, ह्या तोंडातून ते निघालं न्हाई. उद्या घेईन. बापाच्या नावासकट, आडनावासकट, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

गया